चाळेबाईंचा वर्ग

त्यांच्याकडे कुठलीही तक्रार घेऊन जा, त्या आधी तुमच्या हातात काहीतरी ठेवायच्या. चिंचोके भरलेली कापडी पिशवी, लोकरीचा गोंडा, नट चढवलेला बोल्ट, जे हाताशी येईल ते. "धरा हे. आता बोला," म्हणायच्या. समोरचा माणूस चक्रावून जायचा. मी तर पहिल्या भेटीत चिडलेच होते. अर्ध्या दिवसाची रजा टाकून आलेली, डोक्यात विचारांचा नुसता गोंधळ, आणि ही बाई माझ्या हातात रबराची रिंग देतेय. पण काय सांगू, ती रिंग ताणत ताणत बोलायला लागले आणि माझा चढलेला आवाज आपोआप खाली आला. घरून ठरवून आणलेलं सगळं नीट बोलून झालं. एरवी अशा ठिकाणी मला निम्मं आठवतं ते जिना उतरताना.

शाळेच्या फलकावर त्यांचं नाव-आडनाव झोकात रंगवलेलं होतं, पण ते कुणी घ्यायचं नाही. पोरांनी ठेवलेलं नाव चाळेबाई. मुख्याध्यापिकांना हे नाव अजिबात आवडायचं नाही. ऐकणाऱ्याला भलतंच वाटतं, असं त्यांचं म्हणणं. बाईंना मात्र त्याचं काही नाही. "पोरांच्या हाताला चाळा लागतो, तो मी देते. मग दुसरं काय म्हणणार मला?" ठेंगणा बांधा, घट्ट अंबाडा, आणि निळी साडी असो की पिवळी, कमरेपाशी खडूची बोटं उमटलेलीच. बोलणं असं भरभर की नवीन पालकाला दोनदा विचारावं लागे.

माझी ओवी त्यांच्या वर्गात आली ती तिसरीत. आम्ही मूळचे लातूरकडचे. नवरा चाकणला कंपनीत मशीनवर, मी भोसरीत एका लहानशा वर्कशॉपमध्ये वायरींचे जुडगे बांधायला, राहायला संत तुकाराम नगर. ओवी कशी, तर बसली की पाय हलणार, पाय धरला की बोटं चालणार, बोटं धरली की वेणी तोंडात. पहिल्या शाळेने हात टेकले. चिंचवडच्या या शाळेने घेतलं, पण मुख्याध्यापिकांनी तोंडी सांगून ठेवलं, दिवाळीपर्यंत बघू. वर्गात बसता आलं तर ठीक, नाहीतर दाखला घेऊन जा. असलं काही कुणी कागदावर लिहून देत नाही, पण ऐकणाऱ्याला ते चांगलं कळतं.

माझी झोप उडाली होती. दाखल्याची भीती होतीच, पण त्याच्याही खाली एक भीती होती, ती मी नवऱ्यालाही सांगितली नव्हती. माझ्या पोरीत काही कमी तर नाही ना, ही. सासरच्या लग्नात जाऊबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, "हिला कुणाला तरी दाखवा बाई." तेव्हापासून कुणाही शिक्षकापुढे गेले की मी आधी माफी मागून मोकळी व्हायचे. पोरगी त्रास देते हो, सांभाळून घ्या.

बाईंपुढेही मी तेच म्हटलं. त्यांनी ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि टेबलावर वर्तमानपत्र पसरून आपला डबा उपडा केला. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा तो. त्यातून काय काय पडलं म्हणून सांगू. गोधडीचे तुकडे, मोठी बटणं, दोरीला मारलेल्या गाठी, रिंगा, नट-बोल्ट. "ओवी, यातलं तुझं कुठलं?" ओवीने सगळं चाचपून पाहिलं आणि बोटाएवढा एक बोल्ट उचलला. नट वर न्यायचा, खाली आणायचा. "बापावर गेलीये," बाई म्हणाल्या आणि लगेच फळ्याकडे वळल्या. मी दारात उभी राहून पाहिलं. पोरगी बाकावर बसली होती. नट वर जात होता, खाली येत होता, आणि ती फळ्याकडे बघत होती. मला वाटलं, माय, हे एवढ्यावर भागणारं होतं तर मी दोन वर्षं कुणाकुणाचे पाय धरले.

एवढ्यावर भागत नव्हतं, हे पुढे कळलं. त्या डब्यामागे बाईंची बरीच उठाठेव होती. आधी त्यांनी शाळेसमोरच्या गॅरेजवाल्या सलीमभाईंकडून जुन्या बेअरिंग आणल्या होत्या. सलीमभाईंचा मुलगा त्याच वर्गात. भाईंनी मोठ्या हौसेने डिझेलने धुऊन, साबणाने घासून, पुसून दिल्या. पोरांनी त्या फिरवल्या आणि वर्गाचा कारखाना झाला. शेजारच्या वर्गातल्या गुरुजींनी येऊन विचारलं, "बाई, सेकंड शिफ्ट चालू केली का?" त्याच दिवशी बाईंनी बेअरिंग परत केल्या आणि कायदा केला. चाळा वाजला नाही पाहिजे, घरंगळला नाही पाहिजे, आणि शेजाऱ्याला दाखवायचा नाही. दाखवला तर तो खेळ झाला, मग डब्यात जमा. हा कायदा पोरं इतका कडक पाळायची की माझ्या डोळ्यादेखत एकाने स्वतःच्या हाताने आपली रिंग डब्यात नेऊन टाकली.

नवीन चाळा आला की बाई आधी स्वतः वापरायच्या. तोही कुठे, तर शिक्षकांच्या मीटिंगमध्ये. पदराआड हात घालून बसायच्या. मुख्याध्यापिकांना ते दिसायचंच. त्यांनी एकदा विचारलं, "बाई, काय चाललंय?" तर या शांतपणे म्हणाल्या, "लोकरीचा गोंडा बघतेय. मीटिंगला टिकला म्हणजे गणिताला टिकेल." हे मला शिपाई मावशींनी हसून हसून सांगितलं.

हे सगळं कुठून सुचलं, असं विचारलं तर प्रत्येकाला उत्तर निराळं. मुख्याध्यापिकांना सांगितलं, प्रशिक्षणात शिकवलं. सलीमभाईंना सांगितलं, तुम्हीच नाही का, हिशोब करताना पाना फिरवत बसता, ते बघून. मला म्हणाल्या, "अहो, माझ्याच हाताला चैन नसते. फळ्यापुढे उभी राहून मी खडू फिरवते, तेव्हा कुणी मला बाहेर काढत नाही. पोरांनी रबर फिरवलं की काढतात. हा कुठला न्याय?" यातलं खरं कुठलं, देवाला ठाऊक. मला तिन्ही खरी वाटतात.

नवऱ्याला तर बाईंचा भलताच उमाळा आला. एके दिवशी म्हणाला, "आमच्याकडं रिजेक्ट झालेले रबरी बूच पडून असतात. खिसाभर आणू का बाईला?" मी जाऊन सांगितलं. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "गेटपास आहे?" मी म्हटलं, रिजेक्ट मालाला कसला गेटपास. "तर मग नको. पोराच्या चाळ्यापायी बापाची नोकरी जायला नको. त्यापेक्षा तुम्ही मला चिंचोक्याच्या पिशव्या शिवून द्या. शिवणयंत्र आहे ना घरी?" आहे हे त्यांना कसं कळलं, विचारू नका. ओवीच्या फ्रॉकचा दुमडलेला काठ बघितला असणार. तेव्हापासून रविवार दुपार माझी पिशव्यांची. लातूरहून आई चिंचेबरोबर चिंचोकेही धाडू लागली. तिकडे सगळ्या गल्लीत बातमी, की चिंचवडच्या शाळेत चिंचोके शिकवतात.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना माशी शिंकली. कुणा पालकाने संस्थेत तक्रार केली, तिसरीच्या वर्गात मुलं खेळणी खेळतात म्हणून. संस्थेचे सचिव कडक माणूस. ते म्हणाले, मी स्वतः येऊन बघतो, मग डबा ठेवायचा की फेकायचा ते ठरवू. मुख्याध्यापिकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "डबा गेला तर ओवीचं अवघड आहे. तुम्ही दुसरीकडे बघून ठेवलेलं बरं." मी वरवर हो म्हटलं. दुसरीकडे म्हणजे कुठे? सगळ्या शाळा पालथ्या घालून तर इथे आले होते.

आणि साहेब आले ते नेमके खंडेनवमीला.

आमच्या या पट्ट्यात खंडेनवमी म्हणजे काय, ते इथे राहणाऱ्यालाच कळतं. कंपन्यांत मशीन बंद, धुऊन-पुसून झेंडूच्या माळा. रिक्षांना माळा, लेथला माळा, घरातल्या कात्रीला आणि शिवणयंत्रालाही हळदकुंकू. सलीमभाईंच्या गॅरेजलाही तोरण असायचं, पाने ओळीने मांडून ठेवलेले. एकदा पूजा झाली की त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही. त्याची विश्रांती ती. शाळेत त्याच दिवशी पाटीपूजन. सकाळी मी पिंपरी मंडईतून झेंडू आणून वर्गाच्या दाराला माझ्या हातांनी तोरण केलं होतं, चांगलं घसघशीत. पाटी, पुस्तकं मांडून झाली, तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "बाई, आमची हत्यारं?" बाई विरघळल्या. मोठ्या ताटात सगळे चाळे मांडले, एकेकाला कुंकवाचं बोट लावलं, पोरांनी हात जोडले. मलाही भरून आलं. कुणाच्याही डोक्यात पुढचा विचार आला नाही.

तासाभराने सचिवसाहेब दारात. मागे मुख्याध्यापिका. "पूजेला आलोच होतो, म्हटलं तुमचा तो प्रयोगही बघून घ्यावा." बाई हसून ताटाकडे वळल्या. "चला, आपापलं उचला."

कुणी जागचं हललं नाही.

"उचला रे."

ओवीच म्हणाली, "बाई, पूजा झाली. आज हात नसतो लावायचा."

"आमच्या गॅरेजमध्ये पण आज पाना उचलत नाहीत," सलीमभाईंचा मुलगा म्हणाला.

"मी सांगते ना, चालतं," बाई म्हणाल्या. पोरांनी एकमेकांकडे बघितलं. बाईंचं सगळं ऐकणारी ती पोरं, पण हे कसं ऐकतील? प्रत्येकाच्या घरी आज बापाने हेच बजावलेलं. कामगारांची पोरं ती. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

साहेबांनी खुर्ची ओढली. संस्था कशी स्थापन झाली त्याची हकिकत मी सांगतो म्हणाले, मग प्रश्न विचारीन. आता ती हकिकत मोठ्या माणसालाही पेंग आणणारी. थोड्याच वेळात वर्गाची रया गेली. एकाने पुढच्याच्या शर्टावर बोटाने गिरवायला घेतलं. एक बाकावरून घसरला. ओवी उठली, बसली, पुन्हा उठली, वेणी तोंडात गेली. साहेब थांबले आणि मुख्याध्यापिकांकडे वळून म्हणाले, "हा एकाग्रतेचा वर्ग?" मुख्याध्यापिकांनी माझ्याकडे बघितलं. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते, आणि मला सरळ दिसत होतं, दिवाळीनंतर पोरगी घरी.

बाई ताडकन उठल्या, माझ्या अंगावरूनच दाराबाहेर आल्या, आणि माझं तोरण ओढून खाली पाडलं. सकाळपासून खपून केलेलं तोरण. मी तोंड उघडलं, तर त्या म्हणाल्या, "बघता काय, दोरा तोडा." तोडला. आम्ही दोघींनी बाकाबाकाशी जाऊन प्रत्येकाच्या हातात एकेक झेंडू दिला. "फुलाची पूजा झालेली नाही, पूजेसाठी फूल आहे. याला हात चालतो. साहेब, सांगा पुढे."

साहेब भांबावले होते, पण सांगू लागले. पोरांची बोटं फुलात गेली. एक पाकळी, दुसरी पाकळी. हळूहळू वर्ग निवला. झेंडूचा तो उग्र वास सगळीकडे, खाली फरशी पिवळी होत चाललेली, आणि माना साहेबांकडे. साहेबांनाही रंग चढला. कुणी इतकं ऐकतंय म्हटल्यावर माणूस चांगलंच सांगतो. मग त्यांनी प्रश्न विचारले, आणि हात वर येत गेले. शेवटी विचारलं, "पहिल्या शाळेत घंटा कुठली होती?" कुणाचा हात नाही. ओवी उठली. "घंटा नव्हती. रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगला होता. तो चोरीला गेला, मग ताट वाजवायचे." हातात तिच्या नुसता देठ उरला होता.

"चोरीला गेला हे मी सांगितलं?" साहेबांनी मुख्याध्यापिकांना विचारलं.

"सांगितलंत, सर," मुख्याध्यापिका म्हणाल्या. त्या माउलीने त्या दिवशी एवढं केलं, त्याबद्दल मी त्यांना सगळं माफ केलं.

साहेबांनी फरशीवरच्या पाकळ्यांकडे बोट केलं. "हे झाडणार कोण?"

"मी झाडते," बाई म्हणाल्या.

"मग चालू द्या तुमचा डबा." आणि जाताना, जरा ओशाळून, "घरी नातू आहे माझा. एखादी पिशवी मिळेल का?"

त्यांना मी शिवलेली पिशवी दिली, निळ्या कापडाची. मग आम्ही दोघी खराटा घेऊन वर्ग झाडत बसलो. बाई झाडता झाडता एकदम खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. त्यांना हसताना बघून मला रडू फुटलं. "आता काय झालं?" म्हणाल्या. मी म्हटलं, काही नाही, तोरण चांगलं झालं होतं. "फार चांगलं झालं होतं," बाई म्हणाल्या, "म्हणून तर सगळ्यांना पुरलं."

दिवाळी झाली, दाखल्याचं नाव निघालं नाही. चौथीला बाईच वर्गाबरोबर वर आल्या, आणि ओवीची चौथी संपली तशी बाईंची नोकरीही संपली. मुलगा हिंजवडीला कामाला, मारुंजीत फ्लॅट घेतलेला. तिकडे जायचं ठरलं. मारुंजी काही परदेश नव्हे, पण वाकडचा ट्रॅफिक मध्ये असल्यावर अंतर नकाशावर मोजून उपयोग नसतो. निरोप समारंभाला हॉल गच्च भरला. सलीमभाई नवा शर्ट घालून आले होते. भाषणं लांबली, आणि व्यासपीठावर बसलेल्या बाईंचा हात पदराआड चाललेला सगळ्यांना दिसत होता.

कार्यक्रम संपल्यावर बाई फाटकापाशी एकेका पोराला भेटत उभ्या होत्या. ओवीचा नंबर आला. तिच्या खांद्यावर हात ठेवून त्या वाकून काहीतरी बोलू लागल्या. माझी पोरगी मात्र खाली मान घालून बोल्टचा नट फिरवतेय. एकदा वर बघणं नाही, एकदा हसणं नाही. माझा जीव शरमेने अर्धा झाला. मागे एवढे पालक उभे, काय म्हणतील? जिने हिच्यासाठी एवढं केलं तिच्याकडे साधं बघवत नाही हिला? मी दोनदा तिला कोपराने ढोसलं. शेवटी "बाईंच्या पाया पड," म्हणून तिला वाकवलं, स्वतः पाया पडले, आणि मागच्या गर्दीने आम्हाला पुढे ढकललं.

बसमध्ये बसल्यावर मी तोंड सोडलं. "बाई एवढं बोलत होत्या, तुझं लक्ष कुठं होतं?"

"बाईंकडं."

"हो का? काय म्हणाल्या मग?"

ओवी खिडकीबाहेर बघत सांगू लागली, बाईंच्याच भरभर चालीत. "बाई म्हणाल्या, पाचवीत नवीन सर येतील, ते म्हणतील हात थांबव. तू चिडू नको. सांग, सर, मला ऐकायचंय म्हणून हात चालतोय. एकदा सांग, दोनदा सांग. नाहीच पटलं तर आईला घेऊन जा. मग बाईंना खोकला आला. मग म्हणाल्या, तुझी आई पहिल्यांदा आली तेव्हा माफी मागत आली होती. तिला वाटत होतं तुझ्यात काही कमी आहे. तुझ्यात काही कमी नाही, आणि तुझ्या आईतपण नाही. हे तिला घरी गेल्यावर सांग, आत्ता तिला ऐकू येणार नाही, आत्ता ती लोकांकडे बघतेय. आणि चिंचोके घेऊन मारुंजीला या म्हणाल्या, तिकडं चिंचेचं झाड नाही."

मी म्हटलं, "हे कधी म्हणाल्या बाई?"

"आत्ताच की. तू माझ्या शेजारीच होतीस." ओवीने मान वळवून माझ्याकडे नीट पाहिलं. तिला खरंच नवल वाटत होतं. "तू ऐकलं नाहीस? तू तर एकदम शांत उभी होतीस."

आमचा वल्लभनगरचा स्टॉप मागे गेला तेव्हा माझे डोळे पुसून व्हायचे होते. आम्ही नाशिक फाट्याला उतरलो आणि मागे चालत निघालो. मी तिला म्हटलं, पुन्हा सांग, अगदी पहिल्यापासून. आणि तिने खोकल्यासकट सगळं पुन्हा सांगितलं.